दस्त्यावरचा शिक्का

खंडेनवमीला आमच्या भागात पूजेला काय काय मांडतात, हे पाहिले की त्या घराचा इतिहास कळतो. शेतकऱ्याच्या घरी कोयता, खुरपे आणि नांगराचा फाळ, निपाणीच्या वखारीत तंबाखू तोलायचा काटा, सुताराच्या घरी रंधा आणि पटाशी. आमच्या शाळेत प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक, घंटा आणि अलीकडे संगणक. एखाद्या जुन्या मराठा घरात लाल कापडावर तलवार दिसते. तिला वर्षातून एकदा तेल लागते, हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते आणि ती पुन्हा वर्षभरासाठी माळ्यावर जाते.

निपाणीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात अशाच एका घरी तलवारीच्या जागी एक बंदूक मांडली जायची. त्या बंदुकीविषयी हा लेख आहे. खरे सांगायचे तर तो बंदुकीपेक्षा माझ्या एका चुकीविषयी अधिक आहे. इतिहास विषय घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने ती करायला नको होती. पण आज शाळेचा मुख्याध्यापक म्हणून मुलांना 'चुका मान्य करा' असे सांगताना स्वतःची चूक झाकून ठेवणे बरे नव्हे, म्हणून लिहितो.

गोष्ट १९९७ सालची. स्वातंत्र्याचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. गावोगावच्या शाळांतून प्रदर्शने भरत होती. मी त्या वेळी नवा, उत्साही शिक्षक होतो. 'आपल्या घरातला इतिहास' अशी कल्पना मी मांडली आणि मुलांना घरातल्या जुन्या वस्तू आणायला सांगितले. मोडी कागद आले, पानदाने आली, जुनी नाणी आली. आठवीतल्या एका मुलाने भीतभीत विचारले, "सर, आमच्याकडं बंदूक हाय. चालंल काय?"

मी त्याच संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याचे आजोबा सोप्यात बसले होते. त्यांना सगळे गाव आबा म्हणे. त्यांनी देवघराच्या बाजूच्या खोलीतून धोतराच्या पानात गुंडाळलेली ती लांबलचक वस्तू काढली. काळपट नळी, काळपट लाकूड, दस्त्याच्या टाचेला हिरवट काळी पितळी पट्टी. नळीच्या मुळाशी पोलादी खुंटी ठोकून ती कायमची बंद केलेली होती आणि गोळीवर आघात करणारी कळ नाहीशी झालेली होती. बंदुकीची नोंद पोलीस ठाण्यात फार पूर्वीच झालेली होती, त्याचा कागदही आबांनी जपून ठेवला होता.

"माझ्या आज्जानं आणली बघा, हबसाणच्या लढाईतनं," आबा म्हणाले. "बेळगावच्या पलटणीत हुता."

हबसाण म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. १८६७-६८ साली सर रॉबर्ट नेपियरच्या हाताखाली मुंबईहून तिकडे फौज गेली होती, हे मी पुस्तकात वाचलेले. आमच्या शेजारच्या गावातला कोणी तिथवर जाऊन आला असेल, या विचारानेच मी भारावलो. बंदूक प्रदर्शनाला द्यायची विनंती केली. आबांनी एकच अट घातली, 'नातवाच्या हातनंच न्यायची अन् आणायची.'

इथे माझी दुसरी बाजू सांगितली पाहिजे. बेळगावात कॉलेजला असताना मी एन.सी.सी.त होतो. कॅम्पमध्ये पलटणीतले हवालदार आम्हांला शिकवायला येत. आम्ही त्यांना 'उस्ताद' म्हणायचो. थ्री-नॉट-थ्री रायफल उघडणे, साफ करणे आणि जोडणे हा धडा त्यांनी आमच्याकडून इतक्या वेळा करून घेतला होता की आजही डोळे मिटून सांगता येईल. दस्त्याच्या टाचेला एक झाकण असते, त्याच्या पोटात तेलाची बाटली आणि पुलथ्रू. पुलथ्रू म्हणजे एका टोकाला वजन असलेली दोरी. तिच्या कडीत चिंदी अडकवायची, वजन नळीतून खाली सोडायचे आणि दोरी एका दमात, सरळ ओढायची. साफ करायची चिंदी चार इंच बाय दोन इंच, तेल द्यायची चिंदी चार बाय दीड. दोरी नळीच्या तोंडाशी घासली की उस्तादांचा आवाज चढे, कारण तिथे खाच पडली की नेम गेला.

फायरिंगनंतर नळीत उकळते पाणी का ओतायचे, तेही त्यांनीच सांगितले होते. त्याचे रसायनशास्त्र मला पुढे कळले. जुन्या काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की नळीत क्षार उरतो. मिठासारखाच तो हवेतले पाणी ओढून घेतो आणि एका रात्रीत पोलाद खाऊ लागतो. तेलात क्षार विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून आधी उकळते पाणी, मग कोरडी चिंदी, मग तेल. नुसते तेल दिले तर क्षार तेलाखाली सुखाने बसून आपले काम करीत राहतो. त्याहून जुन्या बंदुकांत काळी दारू वापरीत, तिची राखही तशीच ओलावा ओढणारी. बेळगावच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत, जिथे पेटीतले कपडे आणि कपाटातली पुस्तकेसुद्धा बुरसतात, तिथे हा धडा किती मोलाचा असेल याची कल्पना करावी.

तर असे सगळे ज्ञान घेऊन मी आबांच्या बंदुकीपुढे बसलो. मदतीला चार मुले. त्यात आबांचा नातू. आमचे काम तीन दिवस चालले. नळीवरचा काळा-तपकिरी थर आम्ही पॉलिश पेपरने घासून काढला आणि खालचे पांढरे पोलाद दिसताच पोरांनी टाळ्या वाजवल्या. लाकूड आधी जाड, मग बारीक पेपरने घासले आणि त्यावर व्हार्निशचे दोन हात दिले. पितळी पट्टी आबांच्या नातवाने घरून चिंच आणून घासली. देवाची भांडी घासतात तशी. तेवढ्याने खड्ड्यांतला काळेपणा जाईना, म्हणून मीच त्याला सांगितले, "पेपर मार." त्याने मारला. पट्टी सोन्यासारखी झाली.

घासण्यापूर्वी त्या पट्टीच्या वरच्या, लाकडावर वळलेल्या निमुळत्या भागावर काही अक्षरे आणि आकडे होते. मला ते दिसले होते. मी ते वाचायचा प्रयत्नही केला होता. 'साफ झाले की नीट वाचता येतील,' असे मी मुलांना म्हणालो, हे मला लख्ख आठवते. साफ झाल्यावर ते नव्हतेच.

प्रदर्शनात बंदुकीभोवती सर्वांत जास्त गर्दी झाली. पाहुण्यांनी पाठ थोपटली. बंदूक परत द्यायला गेलो तेव्हा आबांनी ती मांडीवर घेतली, उलटीसुलटी करून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "लई चकाकली की सर." मग थोड्या वेळाने, "पर वळखूच येईना."

मला ते कौतुक वाटले.

पुढे वाचन वाढत गेले तशी ती कोणती बंदूक होती ते मला उमगत गेले. घोड्याजवळच्या पोलादी पत्र्यावर मुकुटाचे चिन्ह होते, त्याखाली व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणीची अक्षरे. नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे उघडणारे, बिजागरीवरचे झाकण होते. ती स्नायडर होती.

स्नायडरची हकिकत १८५७ पासून सांगावी लागते. त्या सालच्या उठावाशी ज्या काडतुसांचे नाव जोडलेले आहे ती एनफिल्ड रायफलची. चरबी लावलेले कागदी काडतूस दाताने फाडायचे, दारू नळीच्या तोंडातून ओतायची, मग गोळी गजाने ठासायची. आपल्याकडे कोल्हापुरात २७ व्या देशी पलटणीने ३१ जुलै १८५७ रोजी उठाव केला. बेळगावात २९ वी पलटण होती, धारवाडात २८ वी, आणि तिन्हींचे एकमेकींशी संबंध होते, म्हणून इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची झोप उडाली होती. पुढच्याच वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. दत्तक नामंजूर झाल्याची जखम होतीच, त्यात संस्थानच्या तोफा आणि शस्त्रे काढून घेण्याचा सरकारी हुकूम आला. १२ जून १८५८ रोजी बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिले गेले.

त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रातल्या गढ्या, वाडे आणि गावे यांतून शस्त्रे गोळा झाली. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. गोऱ्यांना त्यातून सूट होती, आपल्या माणसाला परवाना हवा. आपल्याच राज्यात कोडगूच्या कोडवांना मात्र सरकारने सवलत दिली होती. त्यामुळे त्यांच्याकडे आजही सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोद नावाचा सण येतो, त्यात बंदुका साफ करून, फुले वाहून पूजतात. आपल्या भागात खंडेनवमीला बंदुकीऐवजी विळा-कोयता का दिसतो, याचे एक उत्तर या कायद्यात आहे. घरात बंदूक शिल्लक राहणे हीच आमच्याकडे नवलाची गोष्ट.

१८५७ चा दुसरा परिणाम पलटणींच्या आत झाला. देशी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी मागचे हत्यार द्यायचे, असे धोरण ठरले. तोफखाना तर डोंगरी तोफा सोडल्यास जवळजवळ सगळाच काढून घेतला. १८६६ साली ब्रिटिश फौजेने जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती स्वीकारली: जुन्या एनफिल्डची नळी मागच्या बाजूने कापायची आणि तिथे झाकण बसवायचे, म्हणजे काडतूस मागून भरता येते. शिपायाला आता उभे राहून गज ठासायला नको. पण ही सोय आधी गोऱ्यांना. हबसाणच्या मोहिमेत १८६८ साली गोऱ्या पलटणींच्या हाती स्नायडर होती आणि देशी पलटणी अजून तोंडाने भरायच्याच बंदुका वागवीत होत्या. स्नायडर देशी पलटणींना मिळाली ती गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळू लागल्यावर, १८७० नंतर. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला ब्रिटिश फौजेचा दारुण पराभव झाला. त्या मैदानावर गोऱ्या ६६ व्या पलटणीजवळ मार्टिनी होती आणि शेजारी उभ्या असलेल्या मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब्स रायफल्सच्या देशी शिपायांजवळ स्नायडर. समोरचा शत्रू एकच, ऊनही एकच. पुढे गोऱ्यांकडे लि-मेटफर्ड आणि लि-एनफिल्ड आल्या, तेव्हा मार्टिनी आमच्या लोकांकडे उतरली. थ्री-नॉट-थ्री आपल्या पलटणींत सर्वत्र व्हायला विसावे शतक उजाडले.

एखाद्या शिपायाच्या हातात कोणत्या साली कोणती बंदूक होती, एवढ्यावरून सरकारचा त्याच्यावर किती विश्वास होता ते वाचता येते.

हे सगळे समजल्यावर आबांच्या गोष्टीत मला एक गाठ दिसली. त्यांचे आजोबा हबसाणला गेले असतील, पण तिथे त्यांच्या हातात ही बंदूक असणे शक्य नव्हते. देशी पलटणीत ते १८७० नंतरही नोकरीत असतील, तर स्नायडर त्यांनी वापरली असेल. पण सरकारी रायफल शिपायाला घरी नेऊ देत नसत. मग ती आली कशी? अशा बंदुका पुढे निकाली निघाल्या, काही संस्थानिकांच्या पहाऱ्यांना मिळाल्या, काही पोलिसांकडे गेल्या. आजोबा पेन्शनीनंतर एखाद्या संस्थानात पहाऱ्याला राहिले असतील आणि बंदूक तिथून आली असेल. अथवा गोष्ट अगदीच वेगळी असेल.

या प्रश्नाचे उत्तर बंदुकीवरच लिहिलेले होते. हिंदुस्थान सरकारच्या मालकीच्या हत्यारावर बाणाच्या फाळासारखी खूण आणि त्याखाली इंग्रजी आय हे अक्षर मारीत. सरकारने विकून टाकलेल्या हत्यारावर असे दोन बाण टोकाला टोक भिडवून मारीत. म्हणजे ती रीतसर विकली गेली की नाही, हे लाकडावरच्या वा नळीवरच्या शिक्क्यावरून कळते. आणि पलटणीचा क्रमांक व त्या रायफलीचा पलटणीतला नंबर मारायची ठरलेली जागा म्हणजे दस्त्याच्या पितळी पट्टीचा वरचा, लाकडावर वळलेला निमुळता भाग. तोच. ज्यावर मी पोराला पेपर मारायला सांगितला तो.

हे मला कळले तेव्हा आबा वारले होते. त्यांच्या घरी जाऊन सांगायचे धैर्य मला झाले नाही. ज्याने विचारले असते तो माणूस गेला, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालून घेतली.

२०१८ साली दिवाळीच्या सुट्टीत एक जवान शाळेत भेटायला आला. आबांचा नातू. तो मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेला आहे, हे मला ठाऊक होते. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला त्याचे प्रशिक्षण झाले होते, आता हवालदार झाला होता. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षे पुरी होत होती आणि पलटणींच्या इतिहासाची सगळीकडे आठवण निघत होती. चहा झाल्यावर तो म्हणाला, "सर, त्या पट्टीवर आकडे हुते नव्हं? तुमी वाचत हुता. काय हुते?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

"मी तर पुसलेच," तो म्हणाला. "चिंच लावून."

"तू नाही पुसलेस," मी म्हणालो. "पेपर मार म्हणून मी सांगितले."

त्याला ते आकडे का हवे होते, ते सांगतो. १९०३ साली लॉर्ड किचनेरने फौजेचे क्रमांक नव्याने लावले. मुंबई फौजेच्या पायदळाच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. ३ रीची १०३ वी झाली, ५ वीची १०५ वी, १० वीची ११० वी, तसेच ११४, ११६ आणि ११७. या सहा पलटणी १९२२ साली एकत्र आल्या आणि आजची मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. १०३ वी ही पहिली बटालियन, म्हणजे १७६८ पासूनची 'जंगी पलटण'. १०५ वी ही दुसरी, 'काळी पाचवी'. ११४ वी बेळगावला प्रशिक्षणाची बटालियन झाली. यांपैकी १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपाशी लढल्या. या वंशावळीमुळे जुन्या शिक्क्यावरचा एक आकडा मिळाला की आजच्या बटालियनपर्यंत रस्ता सरळ लागतो. त्या जवानाला जाणून घ्यायचे होते की आपण ज्या बटालियनमध्ये आहोत, तिच्यातच आपला खापरपणजा होता का. त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच हवे झाले असते.

आम्ही दोघे त्याच्या घरी गेलो. बंदूक काढली. एकवीस वर्षांत माझे व्हार्निश पिवळे पडून पापुद्रे सुटले होते. आम्ही पांढरी केलेली नळी लाल गंजाने भरली होती. जुना तपकिरी थर हा गंज नव्हे, तर कारखान्यात मुद्दाम चढवलेला आणि शंभर वर्षांत घट्ट झालेला संरक्षक थर होता. तो आम्ही काढला आणि पोलाद उघडे टाकले. आबांच्या मागे घरच्यांनी दर दसऱ्याला मायेने शेंगतेल लावले, ते चिकट होऊन त्यावर धूळ बसली. हळदकुंकू ओले होऊन खाचांत बसले. खोबऱ्याचे पाणी उडले असेल. प्रत्येकाने आपल्या परीने तिची सेवाच केली होती.

खोलीत अंधार करून मी पट्टीवर बॅटरीचा उजेड अगदी तिरपा टाकला. पुसट खाचा अशाने कधी कधी उठून दिसतात. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली. बराच वेळ गेला. शेवटी कागदावर एक उभी रेघ आली. बाकी काही नाही.

एक उभी रेघ म्हणजे एक. एक म्हणजे दहाचा एक असेल, चौदाचा असेल, सोळाचा किंवा सतराचा असेल. नुसतीच पहिली पलटण असेल, म्हणजे मराठ्यांची नव्हे, ग्रेनेडियर्सची. किंवा तो आकडा नसून आय हे अक्षर असेल. किंवा माझ्याच पेपरचा ओरखडा असेल.

न्यायवैद्यक प्रयोगशाळांत पुसलेले नंबर पुन्हा उठवतात, हे मी वाचले होते. शिक्का मारताना खालचा धातू दबून घट्ट होतो आणि अम्ल लावले की तो भाग बाजूच्या धातूपेक्षा वेगळा दिसतो. मी ते त्याला सांगितले. पण त्या उपायाने धातूचा आणखी एक थर खाल्ला जाणार, हेही सांगितले. तो विचार करून म्हणाला, "नको सर. एकदा घासलं तेवढं बास. फुडं कोण शाणा निघंल, धक्का न लावता वाचणारा. त्याच्यासाठी ऱ्हाऊ दे." संग्रहालयशास्त्राची पुस्तके वाचून मी जिथे पोहोचलो होतो, तिथे तो आपल्या अकलेने पोहोचला.

मग आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो, कारण हा अंक वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी, माळ्यावर, एखादे हत्यार असण्याचा संभव आहे.

सर्वांत आधी कायदा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या धाटणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटू शकत नाही, त्यालाच. थ्री-नॉट-थ्री जुनी असली तरी ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. शंका असेल तर स्वतः निकाल न देता पोलीस ठाण्यात विचारावे. त्यानंतर सुरक्षा. तोंडाने भरायच्या जुन्या बंदुका कित्येकदा शंभर वर्षांनंतरही भरलेल्या सापडतात, आणि काळी दारू कोरडी असेल तर ती म्हातारी होत नाही. नळीत लाकडी काठी सोडून आतली खोली मोजावी आणि बाहेरून नळीच्या लांबीशी ताडून पाहावी. काठी आधीच अडली तर हात काढून घ्यावा आणि जाणकाराला बोलवावे. घोडा उगाच चढवून सोडू नये.

हे झाल्यावर कशालाही हात लावण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत. प्रत्येक अक्षर, आकडा, ओरखडा वहीत उतरवावा. १९९७ साली माझ्याजवळ निदान कागद आणि पेन्सिल होती.

मग साफसफाई, आणि ती शक्य तितकी थोडी. हातात सुती मोजे, कारण घामातही मीठच असते. लाल, भुकटी होऊन निघणारा गंज हा जिवंत गंज; त्यावर पातळ तेल लावून एक-दोन दिवस ठेवावे आणि बांबूच्या कामटीने हलकेच काढावा. काळा-तपकिरी, गुळगुळीत थर तसाच ठेवावा. पॉलिश पेपर, कानस, तारेचा ब्रश आणि फिरते बफ यांना घराबाहेर ठेवावे. पितळेला चिंच, लिंबू, रांगोळी लावू नये. देवाच्या तांब्याला ती शोभते, शिक्क्याच्या पट्टीला नाही. लाकूड कोरड्या मऊ ब्रशने झाडावे. पलटणीत लाकडाला जवसाचे तेल देत, ते रोजच्या वापरातल्या हत्याराला ठीक होते. नुसत्या ठेवायच्या वस्तूवर ते थरावर थर काळे आणि चिकट होते. शेंगतेल, खोबरेल तर नकोच. शेवटी संग्रहालयात वापरतात ते सूक्ष्मस्फटिकी मेण अगदी पातळ लावून मऊ कापडाने पुसावे. हवे तेव्हा ते काढता येते, हा त्याचा मोठा गुण.

ठेवताना चामड्याच्या किंवा लोकरीच्या पिशवीत ठेवू नये, त्या ओल धरतात. पावसाळी भिंतीला टेकवू नये. आडवी ठेवावी, किंवा उभी ठेवायची तर नळीचे तोंड खाली, म्हणजे तेल झिरपून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. आणि खंडेनवमीची पूजा जरूर करावी, फक्त हळदकुंकू खालच्या पाटावर वाहावे, फूलही पाटावर ठेवावे. देव समजून घेईल.

उस्तादांनी शिकवले ते चूक नव्हते. शिपायाला उद्याच्या गोळीसाठी नळी आरशासारखी हवी असते आणि त्यावर त्याचा जीव असतो. त्यांचा धडा मी भलत्या ठिकाणी लावला. ज्या बंदुकीला उद्या उरला नव्हता, तिच्या अंगावर फक्त काल लिहिलेला होता, आणि तो मला मळ वाटला. आपण सीमाभागातली माणसे. पाटीवरच्या एका अक्षराचे मोल काय असते, हे आपल्याला दुसऱ्या कोणी शिकवायला नको होते.

त्या दिवशी निघण्यापूर्वी मी एक कार्ड लिहिले. स्नायडर रायफल, व्ही. आर., घरची हकिकत अशी, तिच्याविषयी शंका अशी. खाली लिहिले: 'दस्त्याच्या पितळी पट्टीवर पलटणीचा क्रमांक असावा. १९९७ साली शाळेच्या प्रदर्शनासाठी साफ करताना तो शिक्षकाच्या सूचनेवरून पुसला गेला.' खाली माझी सही आणि तारीख. हवालदाराने ते वाचले. 'शिक्षकाच्या' या शब्दापुढे त्याने स्वतःच्या हाताने 'आणि विद्यार्थ्याच्या' असे लिहायला पेन उचलले. मी ते काढून घेतले.

कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंदुकीच्या पेटीत ठेवले आहे. दर खंडेनवमीला पेटी उघडते तेव्हा ते घरात मोठ्याने वाचले जाते, असे तो सांगतो. गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या मुलीने वाचले म्हणे. वाचून झाल्यावर तिने विचारले, "ह्यो शिक्षक कोण?" आणि घरच्यांनी तिला माझे नाव सांगितले.